व्याह्यांची सही

"रुपयात की डॉलरमध्ये?" काउंटरवरच्या मुलीनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि माझे होणारे व्याही गुलाबराव गरड तिच्याकडे न बघता मान वळवून माझ्याकडे बघू लागले.

"काय ओ सर, ही काय विचारायलीय? तुमचं खातं हाय हे."

सिंगापूरच्या बंदरावर, क्रूझवर चढण्याआधीच्या हॉलमध्ये आम्ही उभे होतो. कराड, कोल्हापूर आणि सोलापूर मिळून बत्तीस जणांची सहल. प्रत्येकाच्या गळ्यात टूर कंपनीची पिवळी पट्टी आणि हातातल्या पिशवीत चिवडा. मी रांग मोडून पुढे गेलो. खरं तर रांगेनंच वाट दिली. "सरांना जाऊ द्या, सरांना जाऊ द्या," असं कुणीतरी म्हणालं. ते ऐकून मला बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न साधा होता. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चढताना आपलं क्रेडिट कार्ड नोंदवायचं, बदल्यात ते जहाजाचं एक कार्ड देतात. चार दिवस ते दाखवून सह्या करत सुटायचं आणि शेवटच्या रात्री जी बेरीज होईल ती आपल्या क्रेडिट कार्डावर येऊन पडते. बेरीज डॉलरमध्ये असते. ती डॉलरमध्येच पाठवायची, की जहाजवाल्यांनी तिचे रुपये करून पाठवायचे, एवढंच ती मुलगी विचारत होती. फॉर्मवर दोन चौकोन होते. एकात खूण करायची होती.

मी चष्मा वर सरकवला. कराडच्या कॉलेजात बावीस वर्षं मी 'आंतरराष्ट्रीय व्यापार' हा पेपर शिकवत होतो. विनिमय दरावर माझ्या नोट्स सातारा जिल्ह्यात झेरॉक्स होऊन फिरत. प्रत्यक्ष डॉलर मात्र मी त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिला होता, आणि तोही निवृत्त तहसीलदार शेंडग्यांच्या पाकिटात.

"रुपयात," मी म्हणालो. "डोळे झाकून रुपयात."

"का ओ?"

"रुपया रोज घसरतोय, गुलाबराव. गेल्या महिन्यात डॉलर साठला होता, आज चौसष्टला आहे. आपण उतरेपर्यंत सत्तर झाला तर? आज रुपयात खूण केली की भाव आजच्याला बांधला गेला. याला आमच्यात हेजिंग म्हणतात."

हेजिंग हा शब्द मी जरा मोठ्यानं उच्चारला. मागे कोल्हापूरकरांच्यात तो हातोहात पुढे गेला. "हेजिंग करायचंय." "कशात?" "रुपयात."

गुलाबरावांनी फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फॉर्मकडे पाहिलं. वर्गात एखाद्या मुलाला अवघड मुद्दा कळतो तेव्हा तो असाच थांबतो. मला तो क्षण आवडला.

"तुम्ही म्हणताय म्हंजे रुपये," ते म्हणाले, आणि त्यांनी खूण केली. त्यांच्यामागून तीस जणांनी केली.

त्या खुणेला माझ्या दृष्टीनं किती किंमत होती हे सांगायला हवं. माझी मुलगी ऋतुजा आणि गुलाबरावांचा अभिराज पुण्यात एकाच कंपनीत होते. त्यांनी आपापसांत ठरवलं, आम्ही माना हलवल्या, साखरपुडा झाला. लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. गरडांचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना, चाळीस माग, दारात दोन गाड्या. आमच्याकडे कराडात एक फ्लॅट आणि पुस्तकांची तीन कपाटं. बोलणी करायला बसलो तेव्हा मी घाम पुसत होतो. पण विहीणबाई मालनताईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "आमाला काय बी नको. पैसा आमच्याकडं हाय. आमाला शिकलेलं घर पायजे," असं त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मला हायसं वाटलं होतं. बायकोनं, कुंदानं, तिथंच माझी हवा काढली. "हायसं काय वाटतंय? म्हणजे आता हुंडा म्हणून तुमची अक्कल जायची आहे. ती कमी पडू देऊ नका."

"लग्नाआधी चौघं एकमेकांना नीट ओळखा," असं म्हणून मुलांनीच या सहलीची टूम काढली होती. तिकिटं ज्याची त्यानं काढलेली. म्हणजे चार दिवस मी आणि माझी अक्कल गरडांच्या नजरेसमोर राहणार होतो. सुरुवात तर झकास झाली होती.

*

पहिले दोन दिवस मी जमिनीवर नव्हतो. तसे कुणीच नव्हते म्हणा, जहाजावर होतो. पण माझी गोष्ट वेगळी होती. शेंडगे तहसीलदारांनी दुपारच्या चहाला वरच्या डेकवर माझं व्याख्यानच ठेवलं, 'परकीय चलन आणि आपण'. मी सत्तेचाळीसपासून सुरुवात केली. पेनांग दिसू लागलं तेव्हा मी नव्वदपर्यंत आलो होतो, म्हणून उरलेलं दुसऱ्या दिवशी घेतलं.

लोकांना एकच गणित येत होतं, आणि ते सगळीकडे चालू होतं. गुणिले चौसष्ट. कोल्हापूरच्या एका बाईंनी कॉफीचा दर वाचला, ओठ हलवले आणि कप परत ठेवला. "दोनशे छप्पन्न रुपयांत मी सगळ्या घराला गॅससकट करून घालीन," असं त्या वेटरला मराठीतच म्हणाल्या. तोही नम्रपणे हसला.

फक्त गुलाबराव गुणाकार करत नसत. डेकवर खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे, समुद्राकडे बघायचे. मालनताईंनी जहाजावरच्या दुकानात नवरानवरीसाठी घड्याळांची जोडी पसंत केली. सोळाशे डॉलर. मी मनात गुणाकार केला आणि पुन्हा एकदा करून पाहिला. गुलाबरावांनी किंमत पाहिली, कार्ड दिलं, सही केली.

"चांगलं हाय न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

"एक लाखाच्या वर जातंय," मी म्हणालो.

"घड्याळ कसं हाय ते विचारलं ओ, सर."

*

तिसऱ्या दिवशी फुकेत होतं. सगळे बोटीतून बेटं बघायला गेले. मी पोटाचं कारण सांगून मागे राहिलो, कारण बेटं बघायला माणशी पंच्याण्णव डॉलर होते. रिकामा वेळ होता म्हणून खाली काउंटरवर गेलो आणि आतापर्यंतचं बिल मागितलं. काउंटरवर तीच पहिल्या दिवशीची मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर मारिसेल असं नाव. फिलिपीन्सची असावी.

तिनं कागद छापून दिला. बेरजेखाली रुपयांचा आकडा होता आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात दर: सदुसष्ट रुपये वीस पैसे.

"हा दर चुकलाय," मी इंग्रजीत म्हणालो. "आम्ही चौसष्टला भाव बांधलाय."

"बांधलाय?" मारिसेलनं विचारलं.

"पहिल्या दिवशी. खूण केली तेव्हा."

ती माझ्याकडे सहानुभूतीनं बघू लागली. काउंटरवर काम करणाऱ्यांना ही नजर शिकवत असावेत. "सर, खूण केल्यानं भाव बांधला जात नाही. शेवटच्या रात्री जो दर असेल तोच लागतो. आजही बाजारात चौसष्टच आहे. त्यावर आमची रुपये करून देण्याची फी, पाच टक्के. म्हणून सदुसष्ट वीस."

"आणि डॉलरमध्ये खूण केली असती तर?"

"तर ही पाच टक्के लागली नसती. तुमची बँक तिच्या दरानं रुपये करते, आणि तिची जी काय फी असेल ती घेते."

"आता रुपयात आहे, म्हणजे बँकेची फी तरी वाचली ना?"

"व्यवहार परदेशातला आहे, सर. बऱ्याच बँका ती फी तरीही घेतात." मग तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "घाबरू नका, हे अर्थशास्त्र अवघड असतं."

मी काउंटरला धरून उभा राहिलो. बावीस वर्षांत मी किती मुलांना या पेपरात नापास केलं होतं, त्यांचे चेहरे आठवायचा प्रयत्न केला.

"बदलता येतं का?"

"हो. उद्या रात्री नऊपर्यंत. ज्याचं क्रेडिट कार्ड आहे त्यानं स्वतः येऊन या कागदावर सही करायची."

"प्रत्येकानं?"

"प्रत्येकानं, सर."

मी आधी माझं बदललं. हे आजवर लिहिलेलं नाही, म्हणून लिहून टाकतो. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी सही केली, पेन परत दिलं, आणि मग इतरांचा विचार करू लागलो.

माझं बिल दोनशे बारा डॉलर होतं. वाचले पावणेसातशे रुपये. गुलाबरावांचं घड्याळांसकट एकोणीसशेवर जाणार होतं, म्हणजे माझ्या एका वाक्यापायी त्यांचे सहा हजार बुडणार होते, आणि तेही माझ्याच मुलीच्या मनगटावरच्या घड्याळापायी. घरी गेल्यावर बँकेचा कागद येणार. अभिराज तो वाचणार. 'बाबा, तुम्हाला रुपयात करायला कुणी सांगितलं?' असं विचारणार. आणि मालनताई म्हणणार, 'शिकलेल्या घरानं.'

निदान त्यांची तरी सही न बोलता मिळवायची, असं मी ठरवलं.

*

संध्याकाळी गुलाबराव बेटांवरून आले, नाक लाल झालेलं. मी त्यांना जिन्यापाशी गाठलं.

"गुलाबराव, खाली काउंटरवर एक सही राहिलीय तुमची. दोन मिनिटांचं काम. मी येतो बरोबर."

"कसली सही?"

"अशीच. औपचारिक."

ते आले. मारिसेलनं कागद पुढे ठेवला. मी पेन उघडून दिलं. गुलाबरावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचू लागले. मी त्यांना कधी वाचताना पाहिलं नव्हतं. ते फार नीट वाचत.

"ह्यात तर डॉलर लिवलंय, सर."

"हो. म्हणजे... परिस्थिती जरा बदललीय."

"रुपया वर गेला का?"

"तसं नाही."

"खाली गेला?"

"तसंही नाही."

"मग हाय तिथंच हाय म्हणा की." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग कशाला बदलायचं ओ? तुम्ही बत्तीस लोकांत सांगितलं, रुपयात. म्या सगळ्यांच्या आधी खूण केली. आता व्याहीच फिरला म्हटल्यावर लोक काय म्हणतील? तुमचा शब्द म्हंजे शब्द."

"अहो, पण यात तुमचा फायदा..."

"फायदा कुठं बी होतो. शब्द एकदाच असतो."

त्यांनी पेन माझ्या खिशाला लावलं आणि भजी मिळतात का बघायला निघून गेले. मारिसेलनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हणालो, "उद्या येतो."

खोलीत मी कुंदाला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आपलं बदललंत?"

"हो."

"कधी?"

"आधी."

तिनं उशीचा अभ्रा सरळ केला. सव्वीस वर्षांच्या संसारात माणसाला न बोलण्याचे पंचवीस प्रकार ऐकू येऊ लागतात. हा त्यातला वरच्या पाचातला होता.

"मी उद्या विहीणबाईंशी बोलते," शेवटी ती म्हणाली. "बायका बायकांचं होईल काहीतरी."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, जहाज दिवसभर समुद्रातच होतं. दुपारी कुंदा परत आली ती चेहरा गोंधळलेला घेऊन.

"मी नुसतं म्हटलं, की गुलाबरावांना एक सही करायला सांगा. तर त्या म्हणतात, 'ह्यांनी मला आधीच सांगून ठेवलंय. व्याही सही मागत्याल, करायची न्हाई.'"

"का म्हणे?"

"ते त्यांनाही माहीत नाही. 'न्हाई म्हंजे न्हाई' एवढंच म्हणाले म्हणे."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पाण्याशिवाय काहीच नव्हतं. माणूस आपले सहा हजार वाचवू देत नाही, याला अर्थशास्त्रात काय म्हणतात ते मला आठवेना.

*

सातला निरोपाचं जेवण होतं. आमच्या बत्तीस जणांसाठी एक कोपरा राखून ठेवलेला. मी आत शिरलो तर सगळे आधीच बसलेले, आणि मधली खुर्ची रिकामी. तिच्यासमोर ताटात एक हिरवं शहाळं आणि घडी घातलेलं फुलाफुलांचं कापड.

मी दारातच थांबलो. ताटातलं शहाळं आणि घडीचं कापड यांचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. माझा सत्कार होता.

शेंडगे तहसीलदार उभे राहिले. "आज या ठिकाणी," त्यांनी सुरुवात केली, "आपण सर्व जण एका वेगळ्या कारणासाठी जमलेलो आहोत."

"जेवायला," कोल्हापूरकरांतून कुणीतरी म्हणालं.

"त्याआधी. परमुलखात चलनासारख्या क्लिष्ट विषयात ज्यांनी आपल्याला निःस्वार्थ मार्गदर्शन केलं, ते प्राध्यापक शशिकांत पिसाळ सर यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं आपण योजलं आहे. शाल मिळाली नाही, म्हणून पेनांगच्या बाजारातून हे वस्त्र घेतलं. आणि अभिमानानं सांगतो, तिथंही दुकानदारानं मशीन पुढे करून विचारलं, त्यांच्या पैशात की रुपयात? मी ताठ मानेनं म्हणालो, रुपयात! ही सरांची शिकवण!"

टाळ्या पडल्या. वेटरनीही वाजवल्या.

"सरांचे व्याही श्री. गुलाबराव गरड यांच्या शुभहस्ते..."

गुलाबराव कापड घेऊन उठले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासात झाले होते. नऊला काउंटर बंद. मी मालनताईंकडे पाहिलं. त्या हातात मोबाईल धरून फोटोच्या तयारीत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं ते सगळं माझ्यासाठी होतं. दोन महिन्यांनी माझी मुलगी त्यांच्या घरी जाणार होती, ती या कौतुकाच्या भरवशावर. गप्प बसलो तर ते कौतुक महिनाभर, बँकेचा कागद येईपर्यंत टिकणार. बोललो तर पावणेआठपर्यंतही नाही.

गुलाबराव माझ्याजवळ आले. माझ्या खांद्यावर कापड टाकता टाकता कानाशी पुटपुटले, "गप घ्या, सर. गप घ्या."

ते तसं म्हणाले नसते तर मी घेतलं असतं. पण त्या क्षणी मला कळलं, की यांना माहीत आहे. सगळं माहीत आहे. आणि ज्याला माहीत आहे त्याच्या हातून सत्कार घेणं माझ्यासारख्यालाही जड गेलं.

मी कापड खांद्यावरून काढून त्यांच्या हातात परत दिलं.

"थांबा," मी म्हणालो. "मी चुकलो."

लोक हसले. त्यांना तो विनय वाटला. सत्कारमूर्ती नेहमी असंच काहीतरी म्हणतात.

"तसं नाही. खरंच चुकलो. रुपयात खूण करायला नको होती. भाव बांधला जात नाही. वर पाच टक्के जास्त जातात. मला माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखं सांगितलं. बदलायचं असेल तर खाली काउंटरवर नऊपर्यंत सही करता येते. ज्याचं कार्ड त्यानं."

बत्तीस माणसं एकाच वेळी मनातल्या मनात गुणाकार करू लागली की तो ऐकू येतो.

"हेजिंगचं काय?" मागून कुणीतरी बारीक आवाजात विचारलं.

"ते हे नव्हे."

"म्हणजे ह्या कापडावरसुद्धा..." तहसीलदार म्हणाले, आणि बसले. मग लगेच उठले. "सूप नंतर घेऊ."

एकामागून एक माणसं जिन्याकडे निघाली. मी शिकवायला लागल्यापासून माझं व्याख्यान ऐकून लोकांनी इतक्या तातडीनं काही केल्याचं पहिल्यांदाच पाहत होतो.

*

खाली रांग लागली. सगळे रांगेत असताना मी एकटा बाजूला उभा राहिलो असतो तर दिसलं असतं, म्हणून मीही शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्यामागे गुलाबराव येऊन थांबले. ते फुलाफुलांचं कापड अजून त्यांच्याच हातात होतं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी पुढे बघत विचारलं.

"सिंगापूरलाच की. तिनं इचारलं तवाच."

"पण तुम्ही मला विचारलंत!"

"इचारलं, कारण व्याही संग हायत, प्रोफेसर हायत. न इचारता कसं करायचं? मला वाटलं तुम्ही डॉलर म्हणशीला." त्यांनी कापडाची घडी नीट केली. "अठरा वर्षं झाली, माझा टॉवेल दुबईला जातोय ओ, सर. हॅम्बुर्गला जातोय. सकाळी चहाच्या आधी डॉलरचा भाव बघतो मी. तुम्ही कधी इचारलं न्हाई, माल कुठं जातो म्हणून."

हे खरं होतं. टॉवेलचा कारखाना म्हटल्यावर मी मंगळवारच्या बाजाराच्या पुढे विचारच केला नव्हता.

"मग तिथल्या तिथं सांगायचं होतं."

"तीस लोकांत? मुलीच्या बापाला, तुमचं चुकलं म्हणून? लग्न दोन म्हैन्यावर. सहा हजारात व्याह्याची अब्रू ऱ्हाती, म्हंजे स्वस्तच की."

"आणि बाकीच्या तीस लोकांचे पैसे?"

गुलाबराव जरा विचारात पडले. "त्यांचं काय माझ्या ध्यानात आलं न्हाई," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "ते काय आपले व्याही न्हवं."

रांग सरकत होती. माणसं सही करून, पुन्हा कागद तपासून बाजूला उभी राहत होती, दुसऱ्याचंही होतंय ना हे बघायला. पावणेनऊला माझा नंबर आला. मी आवाज न करता कार्ड पुढे सरकवलं. मारिसेलनं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. दिवसभरात एक तरी काम आधीच झालेलं सापडलं होतं.

"सर, तुमचं तर झालंय!" ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही काल सकाळीच बदललंत ना!"

तहसीलदारांना इंग्रजी येत होतं. ते वळले. "काल? काल सकाळी?" त्यांच्या कपाळावर नोकरीतली जुनी आठी उमटली. "म्हणजे सर, तुम्ही स्वतःचं कालच..."

मी कार्ड हळूच मागे ओढलं. पंचवीस-तीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"मीच म्हटलं सरांना," मागून गुलाबरावांचा आवाज आला. "म्हटलं, आधी तुमचं बदलून बघा. जमतंय का, काय लफडं तर होत न्हाई. मग लोकांना सांगा. नवीन रंग असला तर आमी आधी एकच टॉवेल बुडवतो. शंभर बुडवीत न्हाई."

तहसीलदारांनी मान हलवली. आठी विरली. "बरोबर आहे. पद्धतशीर आहे. आधी स्वतःवर." आणि ते सूप प्यायला निघून गेले.

मी वळून गुलाबरावांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, लावला, आणि तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. "आता करू का सही?" त्यांनी विचारलं.

"करा," मी म्हणालो.

तेवढ्यात मालनताई कुंदाला घेऊन जिन्यावरून खाली आल्या. मी मन घट्ट केलं. आता जे काय व्हायचं ते होणार होतं. त्या सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अठ्ठावीस वर्षं झाली माझ्या लग्नाला," त्या म्हणाल्या. "चाळीस मागांचा कारखाना, दोनदा बुडता बुडता ऱ्हायलाय. पण ह्या माणसाच्या तोंडातनं 'मी चुकलो' कधी आलं न्हाई. दर बारीला दुसऱ्याचीच चूक. एकदा बँकेची, एकदा पावसाची." त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं का? भरल्या ताटावर, सत्काराच्या टायमाला बोलले ते. शिकलेलं घर म्हंजे काय, ते बघून घ्या जरा."

गुलाबरावांनी पेनाचं टोपण लावलं. एक वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. फक्त 'काल सकाळी' एवढे दोन शब्द पुरले असते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कुंदाही बघत होती.

"बघितलं की," ते म्हणाले, आणि पेन मारिसेलला दिलं.

*

लग्न झालं. ऋतुजाच्या मनगटावर ते घड्याळ आहे, आणि आता तिला एक मुलगी आहे. वर्षातून दोनदा आम्ही सोलापूरला जातो. मालनताई पोहे करतात, आणि कधी ना कधी विषय निघतोच. कारखान्यात काही बिघडलेलं असतं, अभिराजचं ऋतुजाशी वाजलेलं असतं, कुणीतरी कुणावर तरी ढकलत असतं. मग मालनताई हातातला झारा तसाच वर धरून म्हणतात, "ह्यांच्याकडं बघा. बत्तीस लोकांत उभं राहून चुकलो म्हणाले. लई मोठं मन लागतं त्याला."

गुलाबराव बशीत चहा ओततात.

"व्हय," ते म्हणतात. "लई मोठं." आणि बशीच्या काठावरून माझ्याकडे बघत तो चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पितात.

कुंदा खिडकीबाहेर बघते. मी म्हणतो, विहीणबाई, पोहे फार छान झालेत.